पैलवानबाईंचं पडणं

हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि एवढ्या काळात तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे म्हणायचे पैलवानबाई. ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली ढकलायला एरवी दोघी लागायच्या. या एका हाताने ओढत न्यायच्या आणि दुसऱ्या हाताने दार उघडायच्या. मशीन बंद पडलं की चादरी हाताने पिळायची वेळ यायची. तेव्हा पैलवानबाईंच्या समोरचं टोक कुणी धरायचं यावरून भांडणं व्हायची, कारण समोरची बाई चादरीबरोबर स्वतःही गरकन फिरायची.

नवरा लवकर गेला. मुलगा तेव्हा चौथीत होता. त्याला त्यांनी एकटीने वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आणि त्याचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. "दिव्याखाली अंधार," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून हसायच्या. सून चष्म्याच्या दुकानात होती. साठाव्या वर्षी त्या रिटायर झाल्या तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आता तू फक्त बसायचं." आणि त्या खरंच बसल्या. बारा वर्षं बसल्या.

या बारा वर्षांत काय झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते एका दिवसात झालं नाही. आधी बरणीचं झाकण फिरेना. त्या म्हणाल्या, हल्लीची झाकणंच मेली घट्ट. मग खोल सोफ्यातून उठताना दोनदा झोका घ्यावा लागायला लागला. म्हणाल्या, सोफा बसलाय. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा हाताला लागेना, तेव्हा तर त्यांनी मुलालाच विचारलं, "ही फळी तू वर सरकवलीस का रे?" फळी जागेवरच होती. गाऊन ढगळ झाले. ओळखीच्या बायका म्हणायच्या, "किती छान बारीक झालात!" त्यांना ते ऐकून बरंच वाटायचं. दातांनी त्रास दिल्यापासून दोन वेळेला चहात बुडवलेला पाव हेच त्यांचं जेवण झालं होतं. अंडं-दूध त्या मुलासाठी ठेवायच्या. "मला म्हातारीला काय करायचंय?"

मग नात, छोटी, जन्माला आली आणि पैलवानबाईंनी अशक्तपणा लपवायला सुरुवात केली. आतापर्यंत नुसत्या सबबी सांगत होत्या, आता मुद्दाम लपवायला लागल्या. उठायच्या आधी खोलीत कुणी नाही ना ते बघायच्या. छोटीला पाळण्यातून उचलायचं असलं की सून आंघोळीला जाईपर्यंत थांबायच्या. भीती एकच. यांना कळलं तर पोर हातात देणार नाहीत.

सुनेची रजा संपली तेव्हा मुलाने ठरवलं, "आई, दुपारपर्यंत तू. बारापासून तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताई बघतील. तेवढाच तुला आराम."

"म्हणजे मला दुसऱ्यांदा रिटायर केलंस," त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्यांना मात्र ते लागलं.

शिवणवाली पंचेचाळिशीची, एकटी बाई. खिडकीशी मशीन लावून दिवसभर शिवायची. मोजकं बोलायची, हाताने नीटस. रोज बाराच्या ठोक्याला वर यायची, छोटीला कडेवर घ्यायची आणि तीन जिने अशी उतरून जायची जणू कडेवर रिकामी पिशवी आहे. पैलवानबाई कठड्याला धरून बघत राहायच्या. छोटी तिच्याकडे झेप घ्यायची ते तर त्यांना अजिबात बघवायचं नाही. संध्याकाळी सून आली की त्या सहज बोलल्यासारखं बोलायच्या. "पोरीच्या अंगाला दोरे चिकटलेले असतात बघ." "सुया-कात्र्यांचं घर ते, आपलं म्हणते." सून ऐकून सोडून द्यायची. पण ऐकलेलं कुठेतरी साठतंच.

तो मंगळवार होता. अकराच्या सुमारास छोटी झोपेतून उठली. नऊ महिन्यांचं, अंगाने भरलेलं पोर. पैलवानबाईंनी तिला उचललं, छातीशी घेतलं, आणि खिडकीतलं कबूतर दाखवायला वळल्या. छोटीला कबूतर दिसलं आणि तिने आनंदाने अंग मागे टाकलं, लहान मुलं टाकतात तसं. पैलवानबाईंनी हात आवळले. हातांनी ऐकलं नाही. तोल सावरायला एक पाय मागे घेतला, तर गुडघ्यानेही ऐकलं नाही.

पडता पडता त्यांनी एवढंच केलं की स्वतः खाली गेल्या आणि पोर वर ठेवलं. धप्पकन फरशीवर बसल्या. पाठीत काहीतरी कट्कन झालं. तरी छोटीचं डोकं पाळण्याच्या पायाला लागलंच.

ती रडली. खूप रडली, पण पाच मिनिटांत थांबली आणि हसायलाही लागली. कपाळाच्या वर, केसांच्या कडेला बोराएवढं टेंगूळ आलं. पैलवानबाई पाळण्याला धरून कशाबशा उठल्या. ओलं फडकं ठेवलं. सुनेला फोन लावायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. मग कपाटातून छोटीची टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर घातली.

ती टोपी त्यांनी का घातली हे त्यांना त्या क्षणीही माहीत होतं. पुढे त्यांनी स्वतःला हजार कारणं दिली, पण टोपीपाशी येऊन सगळी कारणं संपायची.

बाराला शिवणवाली आली. "टोपी कशाला घातली मावशी? उकडतंय की."

"वारं आहे," पैलवानबाई म्हणाल्या. "काढू नकोस. आत्ताच सर्दी गेलीय तिची."

संध्याकाळी सुनेने टोपी काढली आणि किंचाळलीच. तशीच छोटीला घेऊन खाली गेली. पैलवानबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या. तीन मजले खालचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि त्यांना येत होतं म्हणजे सगळ्यांनाच येत होतं.

"माझ्याकडे नाही हो पडली. मी टोपी काढलीच नाही."

"मग टेंगूळ काय आपोआप आलं? पाच तास पोर तुमच्याकडे होतं आणि तुम्हाला पत्ता नाही?"

सून वर आली. "आई, सकाळी काही झालं होतं का?"

"नाही," पैलवानबाई म्हणाल्या.

एवढंच. पुढे मागे काही नाही. डॉक्टरांनी छोटीला तपासलं, काही झालेलं नाही म्हणाले. टेंगूळ चार दिवसांत गेलं. पण शिवणवालीकडे छोटीला पाठवणं बंद झालं ते त्याच दिवशी. आणि त्या संध्याकाळी पैलवानबाईंच्या मनात, सगळ्या भीतीच्या खाली, एक बारीकसा बरं वाटल्याचा भाव येऊन गेला: आता पोर दिवसभर आपल्याकडे. तो भाव त्यांनी स्वतःच पकडला. त्यांना स्वतःची किळस आली, पण तोंडातून शब्द निघाला नाही.

"आई, दिवसभर जमेल ना तुला?" मुलाने विचारलं.

"न जमायला काय धाड भरलीय?"

पाठ ठणकत होती. उभं राहिलं की कमरेच्या वर कुणी पाचर ठोकल्यासारखं व्हायचं, खोकला आला की डोळ्यांपुढे काजवे. त्या म्हणायच्या, गॅस झालाय. बाम चोळायच्या. दुखतंय म्हणावं तर कधीपासून हे आलं, आणि कधीपासून हे आलं की मंगळवार आला. छोटीला उचलणं त्यांनी सोडूनच दिलं. सकाळी सगळे गेले की फरशीवर सतरंजी टाकायच्या, भिंतीला टेकून बसायच्या आणि दिवसभर तिथेच. खाऊ घालणं, खेळणं, झोपवणं सगळं खाली. दुपारी तळमजल्यावरून शिवणाच्या मशीनचा आवाज येत राहायचा. आधीही यायचा, पण आता त्या तो ऐकत बसायच्या. मध्येच थांबला की वाटायचं, का थांबली असेल? रडत असेल का?

एकदा पहिल्या मजल्यावरची बाई वर आली होती. म्हणाली, "बरं झालं तुमच्या सुनेने वेळीच ओळखलं. मी पण माझ्या नातवाचे कपडे आता तिच्याकडे टाकत नाही. लक्ष नसतं तिचं." पैलवानबाईंनी मान खाली घातली आणि छोटीच्या बोटांशी चाळा करत राहिल्या.

असे सहा आठवडे गेले. सहाव्या आठवड्यात एक दिवस त्यांना उठताच येईना. बाराला पाणी आणायला म्हणून त्यांनी हात टेकले, ढुंगण जरा उचललं आणि पाठीतून अशी कळ गेली की त्या आडव्याच झाल्या. फोन टेबलावर. टेबल चार हातांवर. छोटी रांगत स्वयंपाकघराकडे निघाली, तसं त्यांनी तिच्या झबल्याचं टोक मुठीत पकडलं. ते सुटायचं, त्या परत पकडायच्या. परत सुटायचं. ज्या मुठीने ओल्या चादरी पिळल्या त्या मुठीत झबल्याचं टोक राहत नव्हतं.

मुलगा पाचला हत्यारांची पिशवी घेऊन आला. आई फरशीवर आडवी, पोर ओलंचिंब, दोघींच्या तोंडावर रडून वाळलेले डाग. त्याने पिशवी तिथेच टाकली.

हॉस्पिटल तेच, जिथे त्यांनी नोकरी केली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. एक्स-रे झाला, हाडांची घनता मोजायची तपासणी झाली. एक मणका दबून पाचरीसारखा झाला होता. दुखणं जरा आटोक्यात आल्यावर दुसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाल्या, "जोर लावून दाबा." पैलवानबाईंनी दात आवळून दाबलं. काटा थोडासा हलला. मग त्यांना खुर्चीवर बसवलं. "हात छातीशी घ्या. हातांचा आधार न घेता उभ्या राहा. पाच वेळा करायचंय."

त्या एकदाही उठू शकल्या नाहीत. दरवाज्यापाशी मुलगा उभा होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"आजी, दोन गोष्टी एकदम झाल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाडं आतून पोकळ झालीत आणि अंगावरचे स्नायू झिजलेत. नुसती हाडं ठिसूळ असती तर स्नायूंनी तोल सांभाळला असता. नुसता अशक्तपणा असता तर पडूनही हाड वाचलं असतं. तुमचे दोन्ही पहारेकरी एकाच वेळी झोपलेत. वयाने होतं हे, पण नुसतं वयाने नाही. जेवता काय तुम्ही?"

"चहा-पाव."

"आणि?"

"आणि... पाव."

डॉक्टरीणबाईंनी मुलाकडे बघितलं. मग विचारलं, "हा मणका दोन-तीन दिवसांपूर्वीचा नाही. महिना-दीड महिना झाला असावा. पडला होतात का?"

खोलीत मुलगा होता, सून होती.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"असू दे. एवढ्या ठिसूळ हाडांत कधी कधी न पडताही होतं. नुसतं वाकून बादली उचलली तरी मणका दबतो."

वाट आयती मिळाली होती. पैलवानबाई त्या वाटेने गेल्या. "बादलीच असेल," त्या म्हणाल्या.

घरी आणल्यावर सुनेने रजा काढली. पाठीला पट्टा बांधायची, औषधं द्यायची, अंडं कुस्करून भरवायची. एक दिवस भरवता भरवता तिचे डोळे भरून आले. "माझंच चुकलं आई. तुमच्यात ताकद नव्हती आणि मी दिवसभराचं पोर तुमच्यावर टाकलं. मला दिसायला नको होतं का?"

पैलवानबाईंना घास गिळवेना. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

त्याच आठवड्यात दुपारी दार वाजलं. शिवणवाली. आत यायची की नाही या विचारात उंबऱ्यातच उभी. सुनेचा चेहरा ताठरला, पण तिने वाट दिली. शिवणवालीने पिशवीतून दोन गाऊन काढले. "मावशींना पट्टा लागलाय असं कळलं. डोक्यातून घालायचे कपडे जमत नसतील. हे पुढून पूर्ण उघडतात. बटणं मोठी लावलीत, बोटांना सोपी." ते तिने पलंगाच्या कडेला ठेवले आणि निघाली.

"थांब," पैलवानबाई म्हणाल्या.

ती थांबली.

"छोटी माझ्या हातून पडली होती. त्या दिवशी सकाळी. मी पण पडले. टेंगूळ दिसू नये म्हणून मी टोपी घातली."

छोटी फरशीवर डबा वाजवत होती. सुनेने पुढे होऊन तो काढून घेतला.

शिवणवाली हळूच खुर्चीवर बसली. "मावशी," ती म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं की खरंच माझ्याकडेच पडली असेल. मी आत गेले असेन, दोरा आणायला वगैरे, आणि मला कळलं नसेल. रोज तो दिवस आठवायचे. मी कुठे बसले होते, ती कुठे होती. दोन महिने मी माझ्याच डोक्यावर विश्वास ठेवला नाही."

"अगं, मी..."

"नको. आता काही बोलू नका." ती उठली आणि गेली. गाऊन तिथेच राहिले.

सून आठ दिवस सासूशी बोलली नाही. अंड्याची वाटी आणायची, टेबलावर आपटायची, पण आणायची. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, एक फोन करायचास. मी काय तुला फाशी दिली असती?" सून खाली जाऊन शिवणवालीची माफी मागून आली. ताईंनी ऐकून घेतलं, पण पोर सांभाळायला साफ नाही म्हणाल्या. छोटी पाळणाघरात जायला लागली.

पैलवानबाईंना हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी एक मुलगी मिळाली, तोंडाने फटकळ. ओट्याला धरून टाचा उचला, रबराची पट्टी ओढा, खुर्चीतून उठा, बसा. "आजी, पैलवान म्हणे तुम्ही? मग ही उशी मांड्यांत दाबून दाखवा." औषधांनी हाडांचं काय व्हायचं ते सावकाश होणार होतं, हे मात्र रोज करावं लागे. पहिल्या महिन्यात खुर्चीतून एकदा उठता आलं, हात न टेकता. पाव सुटला. सकाळी अंडं, दुपारी कडधान्य नाहीतर मासळी, रात्री दूध, असं सून कागदावर लिहून ठेवायची आणि त्या शाळकरी पोरीसारखं संपवायच्या. सगळ्यांना वाटे, म्हातारीने मनावर घेतलंय, तिला बरं व्हायचंय. खरं म्हणजे त्यांना फक्त तीन जिने उतरायचे होते. शिवणवालीला वर बोलावून माफी मागणं बरं दिसलं नसतं, आणि मुलाच्या पाठुंगळी बसून जाणं त्याहून वाईट.

पाच महिन्यांनी एका सकाळी त्या कठडा धरून, मुलाला दोन पायऱ्या पुढे ठेवून, खाली उतरल्या. तळमजल्यावर मुलाला म्हणाल्या, "तू जा कामाला." तो बाहेर जाऊन फाटकापाशीच उभा राहिला.

शिवणवालीने खुर्ची दिली. स्वतः मशीनवरच बसून राहिली.

"मी माफी मागायला आले," पैलवानबाई म्हणाल्या. "तुझ्यावर येऊ दिलं. आधीपासूनच तुझ्याबद्दल वाकडं बोलत होते. मला हेवा वाटायचा तुझा."

"हेवा? माझा?"

"तू तिला उचलून जिने उतरायचीस."

शिवणवालीने कापडावरून हात फिरवला. "मावशी, तुम्ही आलात, चांगलं केलंत. पण मला सांगून काय उपयोग? मी पडू दिलं नाही हे मला आता माहीत आहे. पहिल्या मजल्यावरच्या बाईला कुठे माहीत आहे? ती अजून जिन्यात भेटली की विचारते, पोर पाडलंस ती तूच ना. तुमच्या घरात कळलं. इमारतीत कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. घरातलं घरात राहिलं होतं. पैलवानबाईंना हे सुचलंही नव्हतं, आणि ते सुचलं नाही याचीच त्यांना लाज वाटली.

त्या उठल्या. हात मांडीवर टेकावा लागला, पण उठल्या. जिना चढायला लागल्या. मुलगा धावत मागे आला, त्याला म्हणाल्या, "मागे राहा, धरू नकोस." पहिल्या मजल्यावर दम लागला, तशा थांबल्या आणि त्या बाईची घंटा वाजवली.

"अगंबाई! तुम्ही चालायला लागलात? या की आत."

"आत नको. एक सांगायचंय. छोटी शिवणवालीकडे पडली नव्हती. माझ्या हातून पडली. मी लपवलं."

बाईचं तोंड उघडंच राहिलं. मग ती म्हणाली, "जाऊ द्या हो. म्हातारपणी हात सुटायचाच. आता जुनं झालं ते."

"हात सुटला त्याचं नाही म्हणत मी," पैलवानबाई म्हणाल्या. "टोपी घातली त्याचं म्हणतेय. आणि तिला जिन्यात परत तसं विचारू नका. विचारायचं तर मला विचारा."

समोरच्या दारावरही त्यांनी तेच सांगितलं. तिथल्या आजोबांना ऐकायला कमी येत होतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. तळमजल्यावर मशीन थांबलं होतं. पैलवानबाईंनी कठडा धरला, श्वास घेतला आणि दुसऱ्या मजल्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.